पाटापलीकडची वाट

थोरलीच्या पायाला भिंगरी लागलीय, असं तिची सासू म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. भाजी निवडायला दिली तर ही उभ्यानं निवडणार. चहा प्यायची तो खताच्या ढिगापासून फाटकापर्यंत चालत, आणि कप कुठं तरी बांधावर ठेवून विसरायची. नवरा गेल्यापासून तर तिचं बूड जमिनीला टेकल्याचं धाकट्या जावेनं पाहिलंच नव्हतं. "जाऊबाई, तुम्ही झोपता तरी आडव्या होऊनच ना?" असं ती विचारायची. थोरली हसायची नाही. तिला वाटायचं, आपण थांबलो की काही तरी आपल्याला गाठेल. काय ते तिलाही सांगता आलं नसतं.

दोघी जावांची शेती तशी तळहाताएवढी. शहर जिथं संपतं आणि नदी जिथं वळण घेते, त्या बेचक्यात. पालक, मुळा, कोबी, गाजरं, वेलावरच्या काकड्या. कसलंही विष फवारायचं नाही, खत घरचं, बियाणं घरचं, आणि माल शहरातल्या ठरलेल्या घरांना. बाकी शहराला या शेताचा पत्ताही नव्हता. शहर खात होतं ते पुलापलीकडून, लांबून, थंड डब्यांच्या ट्रकमधून आलेलं.

मग एका सकाळी थोरली वाफ्यात खुरपत होती आणि तिला उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. काही तरी चुकत होतं. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की ट्रकचा आवाज नाही. पुलावरून रात्रंदिवस चालणारी ती घरघर, जिला ती इतकी वर्षं शिव्या घालत आली, ती बंद पडली होती.

धाकटी फोन कानाला लावून धावत आली. "पुलाचा खांब खचलाय! पूल बंद. माणसंसुद्धा सोडत नाहीयेत. हे तिकडेच अडकलेत."

धाकटीचा नवरा पलीकडच्या बस गॅरेजमध्ये कामाला. फोनमधून त्याचा आवाज थोरलीलाही ऐकू आला, "मी इकडे, माझे कपडे तिकडे, आणि जेवणाचा डबा होता तो सकाळीच संपवून बसलोय."

"किती दिवस?" थोरलीनं विचारलं.

"कोण सांगणार?" फोनमधून उत्तर आलं. "साहेब लोक येऊन खांबाकडे बघून जातायत. खांब पण त्यांच्याकडे बघतोय."

दोन दिवस शहरानं दुकानांतलं उरलंसुरलं संपवलं. त्यानंतर फाटकावर माणसं यायला लागली.

आधी ओळखीची घरं आली, नेहमीपेक्षा थोडं जास्त मागत. मग त्यांचे शेजारी आले. मग शेजाऱ्यांचे पाहुणे. मग अशी माणसं आली, की जी याच रस्त्यानं रोज गाडीतून जायची आणि खताचा वास आला की काच वर करायची. थोरलीला त्यातले दोन चेहरे पक्के आठवत होते.

"आता बरा चालतो वास," ती धाकटीच्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोला. ऐकतील."

"ऐकू देत. वर्षभर आपण जिवंत आहोत की मेलो, कुणी विचारलं? ठरलेल्या घरांना देऊ आणि फाटक लावून घेऊ."

"आणि बाकीच्यांनी काय हवा खायची?"

"मला काय विचारतेस? मी बांधला का तो पूल?"

पण दिलं तिनं. एकेकाला जुडी देताना ओठ घट्ट मिटून दिलं. दिवसभर ती वाफा ते फाटक, फाटक ते हौद अशी फिरत राहिली. धुतलेले क्रेट पुन्हा धुतले. माणसांची रांग कुंपणाला लागून वळत गेली होती, आणि त्या रांगेकडे पाठ केली तरी ती तिला मानेवर जाणवत होती. माणसांपासून लांब राहता येतं म्हणून तिला शेत आवडायचं. आता माणसंच शेतात आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी तिनं मागच्या कोपऱ्यात नजर टाकली आणि तिच्या हातातली पाटी खाली पडली.

तिथं बियाण्याचा घेवडा होता. शेंगा वेलावरच वाळवायला ठेवलेल्या. नदीच्या वळणावरच्या सगळ्या छोट्या शेतांना त्या घेवड्याचं बी थोरलीकडूनच जायचं. तिचा नवरा आणि ती मिळून दर हंगामात चांगल्यात चांगला वेल निवडत आले होते. आता अर्धे मांडव कोसळले होते. रांगेला कंटाळून कोणी तरी बाजूनं कुंपणात घुसलं होतं, शेंगा ओरबाडल्या होत्या, आणि त्या शिजायच्या नाहीत इतक्या निबर आहेत हे कळल्यावर तिथंच टाकून निघून गेलं होतं. मातीत बुटांचे ठसे होते.

थोरली फाटकाशी आली तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. "चालते व्हा! सगळे! एक पान मिळणार नाही कुणाला!"

"अहो पण आम्ही काय केलं?" एक बाई म्हणाली. तिच्या कडेवर मूल होतं.

"चालते व्हा म्हटलं ना!"

फाटक बंद झालं. साखळी पडली. माणसं एकेक करून पांगली. धाकटी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"एकानं शेण खाल्लं, म्हणून सगळ्या गावाच्या तोंडाला वास येतो का?"

"गाव? कुठलं गाव? आज पूल उघडला तर यातलं एक तरी पाऊल इकडे वळेल का, सांग!"

"नसेल वळत. पण भूक आजची आहे."

थोरली खतावर पाणी मारायला निघून गेली. त्याची आज गरज नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली. वाजतच राहिली. शेवटी थोरली चिडून बाहेर आली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला आचारी होता. चांगला आडव्या अंगाचा माणूस. सायकलीच्या मागे रिकाम्या पाट्या बांधलेल्या, घामानं न्हालेला.

"बंद आहे," थोरली म्हणाली.

"वाटेत कळलं मला, ताई. तरी आलो. परत जायला दम लागेल, जरा बसू द्या." तो बाहेरच उलट्या क्रेटवर बसला. क्रेट कुरकुरला. "भाषण नाही करत. वॉर्डात बाळंतिणी आहेत, पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. कोठीत धान्य आहे, पण काल त्याच त्याच पातळ पेजेवर एका आजोबांनी वाटी ढकलली. म्हणाले, मरायलाच आलोय, तर चवीनं तरी मरू दे."

धाकटी खुदकन हसली. थोरलीनं साखळी काढली, पण एका हातानं फाटक धरून ठेवलं.

"पालक न्या. मुळा आहे, गाजरं आहेत."

"नेतो, आशीर्वाद देतो. पण पाल्यावर माणूस उभा राहत नाही, ताई. मला बटाटा हवा. सगळं शहर पालथं घातलं, औषधालासुद्धा बटाटा नाही. आणि आमच्याकडे औषध तरी आहे."

"आम्ही बटाटा लावत नाही."

"पाटापलीकडे आहेत की," धाकटी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

आचारी एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. थोरली वळली आणि घरात गेली.

पाटापलीकडे जो राहायचा त्याला थोरलीच्या नवऱ्यानं नाव ठेवलं होतं बांधकोऱ्या, म्हणजे बांध कोरून दुसऱ्याचं पळवणारा. पण त्याआधी खूप वर्षं ते दोघं जिवाभावाचे मित्र होते. विषारी फवारणी सोडायची हे वेड दोघांनी मिळूनच घेतलं होतं. सगळे हसायचे तेव्हा एकमेकांच्या आधारानं टिकले. मग एका कोरड्या वर्षी पाटाला पाणी कमी आलं आणि दोघांनाही वाटलं, की दुसरा आपल्या पाळीचं पाणी पळवतोय. शब्दाला शब्द वाढला. नाव पडलं. थोरलीचा नवरा गेला त्या दिवशी तो माणूस आला, पण कुंपणाबाहेर उभा राहून निघून गेला. थोरलीनं ते खिडकीतून पाहिलं होतं. दिवसवार उरकताच तिनं आपल्या शेतातून त्याच्या शेताकडे जाणारी वाट काटेरी तारेनं बंद करून टाकली. जमीन तिची, वाट तिची. कुणी ब्र काढू शकलं नाही.

ती घरात येरझारा घालत होती. बाहेर आचारी आणि धाकटी पालक बांधत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तिनं भांडं उचललं, ठेवलं. खिडकी लावली, उघडली. मग मागच्या दारानं बाहेर पडली आणि तरातरा पाटाकडे निघाली.

तारेखालून जाताना तिची बाही अडकली. तिनंच कधीकाळी पाय रोवून, जीव खाऊन ताणलेली तार, ती सहजी कशी सोडणार? बाही टरकली तेव्हा कुठं ती पलीकडे गेली.

त्याच्या शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत अंधार आणि मातीचा गार वास.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? मी तर इथं बसलोय."

तो स्टुलावर बसला होता, एक पाय समोर लांब करून. गुडघा सुजून भोपळा झालेला. समोर पेंढ्याखाली बटाट्यांचा भला मोठा ढीग. वरच्या काहींना कोंब फुटायला लागले होते. थोरलीला ओळखल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

"बटाटे द्यायचे आहेत का?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"कुणाला?"

"दवाखान्याला."

"न्यायचे कसे? नदीकाठच्या चिखलातून पाठीवर न्यावे लागतात. पाठ आहे, गुडघा गेलाय."

"पुलाचं कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय. तुझ्या फाटकावरचा गलका दोन दिवस ऐकतोय. वाटलं, त्यातलं कोणी तरी इकडेही येईल." त्यानं हातातल्या बटाट्याचा कोंब मोडून टाकला. "मग आठवलं, येणार कुठून?"

बस, एवढंच. ती वाटेत त्याच्या टोमण्यांना उत्तरं जुळवत आली होती, एकाहून एक झणझणीत. त्यांतलं एकही इथं चालेना. तिला शेडमधून पळून जावंसं वाटलं.

"त्या दिवशी आत का नाही आलात?" तिनं विचारलं. हे विचारायचं तिनं ठरवलं नव्हतं.

कोणता दिवस हे त्याला विचारावं लागलं नाही. "त्यानं नाव ठेवलं होतं ना मला. वाटलं, तूही सगळ्यांदेखत त्याच नावानं हाक मारशील."

थोरलीनं विचार केला. "मारली असती."

"मग बरं झालं नाही आलो ते."

बाहेर पाटाचं पाणी वाजत होतं. थोरलीनं शेडभर नजर फिरवली. भिंतीला त्याची हत्यारं टांगलेली होती.

"पक्कड आहे का?"

"त्या खिळ्याला. कशाला?"

ती पक्कड घेऊन बाहेर गेली. तार तुटताना फटकारा मारून उडत होती. एक टोक तिच्या मनगटावर बसलं, रक्त आलं, पण ती थांबली नाही. धाकटी आणि आचारी आवाज ऐकून धावत आले, तेव्हा वाट मोकळी झाली होती आणि थोरली खांब उपटत होती.

"बघत काय उभे राहिलात? हातगाडी आणा!"

त्या संध्याकाळी दवाखान्यात बटाटे शिजले.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं, पण थोरलीनं आता रीतच बदलली. "रांगेत हाताची घडी घालून उभं राहायचं नाही. भाजी पाहिजे तर चला, हात लावा." माणसं आधी चपापली, मग कामाला लागली. कुणी खुरपलं, कुणी पाट्या वाहिल्या. एका गृहस्थानं गवत समजून कांद्याचं रोप उपटलं आणि धाकटीनं त्याला पाणी शेंदायला पाठवलं, तिथं बिघडवण्यासारखं काही नव्हतं. पाटापलीकडून बटाटे हातोहात येत होते. स्टुलावर बसलेला म्हातारा हुकूम सोडत होता, "कोंबाचे बाजूला! ते बियाण्याचे!" वळणावरच्या इतर शेतांनाही वाट मिळाली. अंडीवाली आली, भोपळेवाले बापलेक आले. एकाच इमारतीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या दोन बायकांची पहिली ओळख थोरलीच्या गाजरांच्या वाफ्यात झाली. त्यातली एक तीच, कडेवर मूल असलेली. थोरली तिच्याजवळून जाताना थबकली.

"त्या दिवशी जरा ओरडले मी."

"जरा?" ती बाई म्हणाली. "पोरगं अजून तुमचं नाव काढलं की गप्प बसतं. मला फायदाच झाला."

तरीही पुरत नव्हतं. पुरणार नव्हतंच. तळहाताएवढ्या तुकड्यांनी शहराचं पोट भरत नाही, हे थोरलीला पहिल्यापासून ठाऊक होतं. रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागे. एक म्हातारे गृहस्थ उशिरा आले तेव्हा दोन मुळे उरले होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, आभार मानले आणि निघाले. थोरली त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ते मुळे तिच्या मनातून जाईनात. कामाच्या गडबडीत ती प्रत्येकाच्या बुटांकडेही बघायची. घेवडा तुडवणारा यातलाच कोणी आहे का? ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. जो गाजरं जास्तीत जास्त मन लावून धूत होता त्याचा तिला संशय होता, पण संशयावर काय बोलणार?

आणि मग एका सकाळी पुन्हा घरघर सुरू झाली. खांबाला टेकू दिला होता. आधी छोट्या गाड्या, मग ट्रक. धाकटीचा नवरा दाढी वाढवून घरी आला आणि आंघोळीचंही न बघता आडवा झाला तो उठेना.

फाटकावर त्या दिवशी ठरलेली घरं तेवढी आली.

"बसा आता दोन घटका," धाकटी म्हणाली.

थोरलीला बसवेना. माणसं नको होती, माणसं गेली, मग हे काय आहे? ती मोकळ्या केलेल्या वाटेनं पलीकडे गेली. तो पाटाच्या कडेला काठी टेकून उभा होता.

"बघा, गेले सगळे," ती म्हणाली. "म्हटलं होतं मी धाकटीला. गरज सरो, वैद्य मरो."

"माणसं आहेत, वहिनी. दाराशी दुकान असताना चिखल तुडवत कोण येईल? मी तरी आलो असतो का?"

वहिनी. किती वर्षांनी. थोरलीनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "पण पूल पुन्हा खचला तर? तेव्हा आपण असू का इथं? तुम्ही गुडघा धरून बसलाय, माझ्यानंतर धाकटी एकटी. आपण संपलो, तर पुढच्या वेळी हे कुठल्या फाटकावर जातील?"

"हे मला काय सांगतेस? त्यांना सांग."

ती तशीच निघाली. टरकलेल्या बाहीला टाका घालायचंही सुचलं नाही. दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी तिला बसायला सांगितलं, ती खुर्चीमागे उभी राहिली. माणूस भला होता. त्यानं तोंडभरून आभार मानले. मग म्हणाला, "पण नियमित माल घ्यायचा म्हणजे वर्षभर, सगळ्या भाज्या, खंड न पडता. तुम्ही एकट्या कशा पुरवणार?"

"एकटी नाही. नदीच्या वळणावरचे आम्ही सगळे आहोत." हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. त्या सगळ्यांना तिनं अजून विचारलंही नव्हतं. "सगळ्या भाज्या नाही मागत मी. जे आमच्या मातीत होतं तेवढं घ्या. बाकी ट्रकमधून आणा. पण थोडं तरी आमच्याकडून घ्या, म्हणजे आम्ही टिकू. आम्ही टिकलो तर अडीअडचणीला आहोत."

व्यवस्थापक विचारात पडले. तेवढ्यात आचारी दारातून डोकावला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, त्या आजोबांनी कालची वाटी चाटूनपुसून साफ केली, एवढंच सांगायला आलो होतो."

ठरलं ते असं: दोनच वॉर्ड, बाळंतिणींचा आणि मुलांचा. पालेभाजी आणि बटाटा. पुढचा हंगामभर करून बघायचं, मग पुढचं पुढं. थोरलीला याहून जास्त हवं होतं. पण परत येताना तिच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. अंडीवालीला मेथी लावायला सांगायला हवी. भोपळेवाला हट्टी आहे, त्याच्याशी धाकटीनं बोललेलं बरं. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आता सगळ्यांत मिळून ठरवाव्या लागणार, म्हणजे भांडणं होणार. होऊ देत. तोंडावर झालेली भांडणं मिटतात तरी.

शेताशी पोचली तेव्हा फाटकाशी ती मूलवाली बाई उभी होती, बरोबर तिची नवी शेजारीण. दोघींच्या हातात रिकाम्या पिशव्या.

"आज काही अडलं नाही, आम्ही सहज आलो," शेजारीण म्हणाली. "दुकानात आलंय सगळं. पण म्हटलं, चक्कर मारू."

"बाकीचे?"

"बाकीच्यांचं काय माहीत?"

दोघीच. थोरलीनं पुलाकडे पाहिलं. एक लांबलचक ट्रक संथपणे अलीकडे येत होता. पुढच्या हंगामात या दोघी तरी असतील का, हे कुणी सांगावं? तिला कुणी तरी छाती ठोकून सांगायला हवं होतं, आणि असं सांगणारं कुणीच नव्हतं. पण वॉर्डासाठी पालक आजच पेरला नाही, तर वेळेवर तयार होणार नव्हता, आणि ऊन तर कलायला लागलं होतं.

"खुरपं धरता येतं ना अजून?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाफ्याकडे निघाली. मागून पोराचा आवाज आला, मग दोघींची पावलं. घरातून धाकटीचा नवरा ओले केस पुसत बाहेर आला आणि कुणी काही म्हणायच्या आत थोरलीनं त्याच्या हातात कुदळ दिली.

"वहिनी, मी आत्ता आंघोळ केलीय!"

"मग पुन्हा कर," थोरली म्हणाली.